येसबाचे संपादक

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीच्या एसटी स्टँडवर, एका खांबाला धमकी देताना.

"मागं सर, नाहीतर गोळी घालीन," ते खांबाला म्हणाले. मग मान तिरकी करून जरा विचार केला. "मागं हो, नाहीतर गोळी घालीन." पुन्हा विचार. "न्हाय. 'सर'च बरं." खिशातली पेन्सिल काढून त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि चपला फटफटवत निघून गेले. माझ्याबरोबर इंदापूरच्या गाडीतून उतरलेल्या बायका पदर सावरून त्यांच्यापासून चार हात लांबून गेल्या. मीही गेले. अर्ध्या तासानं पत्ता शोधत छापखान्याच्या माडीवर मुलाखतीला पोचले, तर संपादकाच्या खुर्चीत तेच बसलेले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्नपत्रिका आणि कारखान्यांचे अहवाल छापणाऱ्या आमच्या मालकांना मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढायची हौस आली होती. मुंबईच्या एका एजन्सीमार्फत त्यांनी जुन्या इंग्रजी चित्रकथांचे हक्क मिळवले. लंडनहून मोठ्या गुळगुळीत कागदावर पानांचे फोटो यायचे. पात्रांचं बोलणं ज्या पांढऱ्या गोलात लिहितात, त्याला आम्ही फुगा म्हणायचो. फुग्यातलं इंग्रजी पांढऱ्या रंगानं पुसायचं आणि तिथं मराठी लिहायचं. पुसण्याचं आणि लिहिण्याचं काम माझं. काय लिहायचं ते आबा ठरवायचे. ते मूळचे भिगवणजवळच्या डाळज गावचे. पंचवीस वर्षं मुंबईत परदेशी चित्रकथांची भाषांतरं करून गावी परतले होते. मुंबईनं त्यांना इंग्रजी दिलं, चष्मा दिला, पण बोली काही तिला हिसकावता आली नाही.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "लिवा. 'मी येणार नाही.' तीनदा लिवा. एकदा रागावलेला माणूस बोलतोय, एकदा भ्यालेला, आन् एकदा खोटं बोलणारा."

मी रागाचं जाड, ठोकळ्या अक्षरात लिहिलं. भीतीचं बारीक, जरा हलतं. खोट्याचं मात्र अगदी मोत्यासारखं, ओळीत, सुबक.

आबा तिसऱ्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिले. "खोटं बोलणारा अक्षर लई नेटकं काढतो, हे तुमाला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते निवडणुकीच्या भिंती रंगवतात."

आबा खुर्चीसकट हसले. "उद्यापास्नं या, ताई," म्हणाले.

मी बावीस वर्षांची होते आणि ते पंचावन्नच्या पुढचे. तरी शेवटपर्यंत त्यांनी मला 'ताई' आणि 'तुमी'च म्हटलं. कामावरच्या माणसाला अरेतुरे करायचं नाही, हा त्यांचा नेम होता. ते रागावलेले असले की हा नेम फार जाचायचा. "ताई, तुमी गाढवपणा केलाय," हे वाक्य आदरानं ऐकून घ्यावं लागायचं.

त्यांचे नेम पुष्कळ होते. उद्गारचिन्ह अंकात एकदाच. "उद्गारचिन्ह म्हंजे आळशी माणसाचा आरडावरडा," ते म्हणायचे. "शब्दात जोर असल तर त्याला दांडकं कशाला लागतंय?" इंग्रजी पानांत तर प्रत्येक फुग्याला एक चिन्ह, कुठं कुठं तीन. मी ती सगळी पुसत बसायची आणि महिनाअखेरीला आबा ते एकुलतं एक उद्गारचिन्ह कुणाला द्यायचं यावर दोन-दोन दिवस विचार करायचे. एकदा ते त्यांनी एका कुत्र्याला दिलं होतं. गोष्टीत येणारा पूर त्या कुत्र्यानं सगळ्यांच्या आधी ओळखला होता म्हणून.

दुसरा नेम आवाजांचा. इंग्रजीत दार आपटलं, पोतं पडलं, घोडा घसरला की त्यांचे ठरलेले आवाज असतात. ते तसेच मराठीत लिहिलेले आबांना चालायचे नाहीत. खरा आवाज ऐकल्याशिवाय ते लिहीत नसत. माडीवरच्या जिन्यातून त्यांनी एकदा गुळाची ढेप खाली टाकली. एकदा कापूस भरलेली उशी, एकदा वाळूची पिशवी. मालक खालून ओरडले, "आबा, काय चाललंय?" वरून आबांचं शांत उत्तर आलं, "माणूस पडतोय, मालक. कुठल्या जमिनीवर पडतोय ते ठरंना." मग माझ्याकडं वळून, "वाळूवर 'थप्प'. फरशीवर 'धाड'. लिवा."

वसतिगृहात राहणाऱ्या इंग्रज पोरांची एक मालिका होती. त्यातली पोरं दर भागात जेवणातल्या कसल्याशा गोड पदार्थावरून कुरकुर करायची. मी शब्दकोश घेऊन बसले होते. आबांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "वाडग्यात काय हाय ते चित्रात दिसतंय का? न्हाय. मग आमटी लिवा. पातळ आमटी. वसतिगृहात राह्यलेल्या पोराला अजून काय सांगाय लागत न्हाय."

एवढी मोकळीक घेणारा हा माणूस चित्राच्या बाबतीत मात्र कमालीचा सोवळा होता. करारातच लिहिलेलं होतं की चित्रात रेघेचाही बदल करायचा नाही. पण आबांना करार सांगायची गरज नव्हती. फुगा पुसताना एकदा माझ्या कुंचल्याचा पांढरा ठिपका एका खेळाडूच्या कानावर उडाला, तर त्यांनी ते आख्खं पान रद्द करून लंडनहून दुसरं मागवलं. "ज्यानं काढलंय तो लांब हाय म्हणून काय झालं? माणूसच हाय की. आपल्यामागं आपल्या कामाला कुणी बोट लावलं तर?"

दुसऱ्या वर्षी ती हिमालयाची मालिका आली. एक गोरा साहेब हरवलेल्या देवळाच्या शोधात डोंगरात निघतो, हातात नकाशा. बरोबर एक हमाल. पाठीवर साहेबाचं सगळं सामान, पांढरे केस, अनवाणी. इंग्रजीत या हमालाला नाव नव्हतं. साहेब त्याला 'पोरा' म्हणायचा. आणि हमालाच्या तोंडी प्रत्येक पानावर तेच, मोडक्या इंग्रजीत: होय साहेब, साहेब शूर, मी भितो साहेब.

आबांनी पहिला भाग वाचला, पानं पालथी घातली आणि कालव्याच्या बाजूला फिरायला गेले. परत आले ते दुपारी. "ह्या म्हाताऱ्याला पोरगा म्हणत्यात," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं घेऊन ते माळेगावला निघाले, मलाही बरोबर घेतलं. ही त्यांची नेहमीची पद्धत. हंगामात तिथल्या साखर कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. त्या रांगेत एक तात्या म्हणून वयस्कर गाडीवान असायचे, त्यांना वाचता येत नव्हतं. आबा त्यांना नव्या मालिकेची पानं दाखवायचे. फुगे न वाचता गोष्ट कळली तर ती मालिका चांगली, असं त्यांचं गणित.

तात्यांनी बैलांच्या पुढ्यात उसाच्या शेंड्याचं वाढं टाकलं, हात पुसले आणि पानं उन्हात धरून एकेक बघितली. साहेबाकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. हमालावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो कोण गडी हाय?"

"का ओ?"

"ह्यानं वझं खरं उचललंय. गुडघा बघा की. उतरणीला वझं असलं का गुडघा आसाच बाहीर पडतो. आन् पायाचा आंगठा बघा, कसा रुतवलाय." मग साहेबाच्या चित्राकडं तुच्छतेनं बघत, "ह्येचं बूट नुसतं काढल्यात. चिखलसुदिक न्हाय."

येताना एसटीत आबा खिडकीबाहेर बघत होते. सांगवीच्या फाट्याच्या आसपास एकदम माझ्याकडं वळले. "ताई, लक्षात आलं का? ही दोन येगळी माणसं हायत. गोष्ट लिवणाऱ्यानं हमाल कधी बघितलेला न्हाय. चित्र काढणाऱ्यानं बघितलाय. नीट बघितलाय, गुडघ्यापर्यंत. मग आपुन कुणाचं ऐकायचं?"

त्या दिवशी हमालाचं नाव येसबा ठरलं. आपल्याकडचा, पलटणीतून निवृत्त होऊन तिकडंच डोंगरात राहिलेला गडी. "हिमालयात येसबा कसा?" मी विचारलं तर म्हणाले, "साहेब लंडनहून येतो ते चालतं, आन् येसबा इंदापुरास्नं आला तर लांब पडतं व्हय?"

अडचण फुग्यांची होती. चित्राप्रमाणं फुग्यांच्या आकारालाही हात लावायचा नव्हता. साहेबाचे फुगे भलेमोठे, येसबाचे लिंबाएवढे. त्यात चार शब्द मावायचे. आबांनी याच अडचणीचा फायदा घेतला. येसबा मोजकं बोलू लागला आणि साहेब बडबडू लागला. एका चित्रात साहेब कड्याकडं बोट दाखवतो आणि येसबा मान खाली घालून उभा आहे. इंग्रजीत साहेब हुकूम सोडतो आणि हमाल 'जातो साहेब' म्हणतो. आबांच्या मराठीत साहेब विचारतो, "येसबा, या कड्यावरून वाट असेल का? मला तर काहीच समजत नाही, माझे हातपाय गारठलेत, तुम्हाला काय वाटतं?" आणि येसबा म्हणतो, "आहे. बूट काढा." पुढच्या चित्रात साहेब घसरून दोराला लोंबकळतो. मूळ गोष्टीत हमालानं दोर नीट धरला नाही म्हणून. आमच्या अंकात साहेबानं बूट काढले नाहीत म्हणून. चित्र तेच. एक रेघ बदललेली नाही.

मी ती अक्षरं लिहिताना हसत होते. आबा मात्र गंभीर. "हसू नका. येसबाचं अक्षर जरा ठळक काढा. कमी बोलणाऱ्याचा आवाज जड असतो."

तिसऱ्या भागानंतर पत्रं यायला लागली. फलटण, इंदापूर, नरसिंहपूर, करमाळा, कुठून कुठून. पोस्टकार्डं, वहीचे फाडलेले कागद. येसबाला मुलं किती? येसबा कुठल्या पलटणीत होता? येसबाच्या पाठीवर किती किलो वजन आहे? एका मुलीनं लिहिलं होतं, 'साहेबाचं काय व्हायचं ते होऊ द्या, येसबाला काही करू नका.' आबा प्रत्येक पत्र दोनदा वाचायचे, मागं गावाचं नाव लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही.

अंक खपत होता म्हणून मालक खुशीत होते. मग एक दिवस मुंबईच्या एजन्सीचे गृहस्थ न कळवता आले. पन्नाशीचे, सफारीतले, बोलायला सभ्य. त्यांच्या हातात आमचे सगळे अंक आणि मूळ इंग्रजी पानं होती. कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून वाचली होती.

"हे भाषांतर नाही," ते म्हणाले. "ही दुसरीच गोष्ट आहे. लंडनला कळलं तर तुमचेच नाही, माझेही हक्क जातील."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. इंग्रजी पानं त्यांनी कधी वाचलीच नव्हती. वसतिगृहाची मालिका, फुटबॉलची मालिका, सगळं या एका कराराच्या आधारावर उभं होतं. "आबा, एका हमालासाठी तुम्ही आख्खं मासिक पणाला लावलंत?" त्यांचा आवाज चढला. "कोण लागतो तो तुमचा?"

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माजा बाप भिगवण स्टेशनात हमाल होता, मालक. साठी झाली तरी लोकं त्येला 'ए पोरा' म्हणायची. तो वळून बगायचा. त्येला सवय झालती. मला न्हाय झाली."

खाली यंत्राचा आवाज चालू होता. शेवटी ते गृहस्थच हळू आवाजात म्हणाले, "आबा, मला कळतंय. पण शेवटचा भाग उरलाय. तो शब्दाला शब्द पाहिजे. मी स्वतः तपासणार. तेवढं केलंत तर मागचं मी वर कळवणार नाही."

"शब्दाला शब्द?" आबांनी विचारलं.

"शब्दाला शब्द."

"बरं," आबा म्हणाले. ते इतक्या सहज कबूल झाले की मला धक्काच बसला.

आठवड्यानं शेवटच्या भागाची पानं आली. मी पाकीट फोडलं आणि शेवटचं पान आधी बघितलं. बघायला नको होतं. दरीवर दोरांचा पूल. साहेब आधी पलीकडं पोचतो. येसबा मधोमध असताना पूल साहेबाच्या बाजूनं तुटतो. एका चित्रात येसबा पाठीवरच्या सामानासकट हवेत, खाली दरी. त्याच्या पुढचं चित्र शेवटचं. कड्यावर उभा साहेब, हातात नकाशा, आणि वरचा अर्धा चौकोन व्यापून टाकणारा त्याचा अवाढव्य फुगा. येसबा कुठंच नाही.

मी ती पानं घरी नेली आणि स्वतः एक नवं पान काढलं. दोन दिवस खपून, त्या चित्रकाराची रेघ होईल तितकी उचलून. त्यात येसबा तुटलेल्या पुलाला धरून समोरच्या कड्यावर चढतो. ते पान मी आबांच्या पुढं ठेवलं आणि त्यांना म्हणाले, "हे छापू या."

आबांनी बघितलं. "रेघ चांगली हाय तुमची," म्हणाले आणि पान परत माझ्याकडं सरकवलं.

"आबा, पडताना त्याच्या हातात दोर आहे. बघा ना. हात सुटलेला नाही."

"दोर हातात हाय. पण पुढच्या चित्रात तो न्हाय. चित्रकारानं मारलाय त्येला."

"तुम्ही सगळी गोष्ट बदललीत, मग एवढंच का नाही?"

"मी लिवणाऱ्याची गोष्ट बदलली. काढणाऱ्याची न्हाय. ज्यानं त्येला गुडघ्यापर्यंत नीट बघितलं, त्येनंच त्येला मारलाय, तर मी कोण मोठा लागून गेलो?" त्यांनी शेवटचं पान पालथं घातलं. "मेलेल्याला जित्ता करून पोरांची समजूत घालायची, हे माझ्याकडनं हुयाचं न्हाय, ताई."

मला फार राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापलीकडं बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी एजन्सीचे गृहस्थ येऊन बसले. आबांनी कबूल केल्याप्रमाणं शब्दाला शब्द भाषांतर केलं. गृहस्थ इंग्रजी पानावर बोट ठेवून वाचत होते, आबा मराठी सांगत होते, मी लिहीत होते. शेवटच्या त्या अवाढव्य फुग्यात मूळ इंग्रजीचं जे होतं तेच आलं, कानामात्रेचा फरक न करता: 'गेला बिचारा. असो, हमाल काय, दुसरा मिळेल. नकाशा तर वाचला!' त्या महिन्याचं उद्गारचिन्ह आबांनी तिथं खर्चलं.

मी लिहून बाजूला झाले. गृहस्थांनी तपासायला पान हातात घेतलं. सहा महिन्यांचे अंक त्यांनी वाचले होते. येसबाला ते आता आमच्याइतकेच ओळखत होते. त्यांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि पान खाली ठेवलं.

"हे... असंच आहे मुळात?" त्यांनीच विचारलं.

"तुमीच बोट ठिवून वाचलंत की," आबा म्हणाले.

गृहस्थांनी बराच वेळ रुमालानं चष्मा पुसला. मग आबांनी विचारलं, "फुग्याबाहीर, पानाच्या खालच्या कोऱ्या पट्टीत दोन ओळी लिवल्या तर करार आडवा येतो का?" गृहस्थांनी नुसतीच मान हलवली, येत नाही म्हणून. आबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'ही चित्रं कुणी काढली त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही. येसबाला त्यांनी नीट पाहिलं होतं. अक्षरं...' आणि पुढं माझं पूर्ण नाव.

"माझं कशाला?"

"मग कुणाचं? मी काढली का अक्षरं?"

माझं नाव छापलेलं मी त्याआधी फक्त दहावीच्या निकालात पाहिलं होतं. वडिलांनी तो अंक इंदापूरच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येक दुकानात नेऊन दाखवला. शेवटचं पान आधी उघडून, आधी नाव, मग गोष्ट.

त्या अंकानं मात्र पोरांना रडवलं. पत्रांचा ढीग आला. साहेबाला शिव्या, आबांना शिव्या. एका मुलानं लिहिलं होतं, 'येसबा गेला आणि साहेबाला काहीच वाटलं नाही, असं कसं तुम्ही छापलं?' आबांनी तेही दोनदा वाचलं, मागं गाव लिहिलं आणि पेटीत ठेवलं. मालकांनी येऊन विचारलं, येसबाची नवीन मालिका काढू या का, आपणच, स्वतःची? हक्काचीही भानगड नाही. आबा म्हणाले, "येसबा मेला, मालक." आणि विषय संपवला.

पण त्यानंतर त्यांनी एक उद्योग सुरू केला. लंडनच्या कंपनीला ते पत्रं लिहू लागले. हिमालयाची मालिका कुणी काढली, एवढंच कळवा. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला छापील उत्तर आलं, त्यात पोच होती, नाव नव्हतं. तिसऱ्याला कळलं की त्या काळी चित्रकारांना सही करू देत नसत आणि नोंदीही ठेवलेल्या नाहीत. आबांनी चौथं लिहिलं, पाचवं लिहिलं. मी म्हणायची, "आबा, राहू द्या आता." ते म्हणायचे, "अवो, कुणाच्या तरी ध्येनात आसलच की. येवडं काम केलेला माणूस असा हवेत जातो व्हय?"

दरम्यान आमचं मासिक थकत चाललं होतं. घरोघर केबल आली होती, पोरं पडद्यापुढं बसायला लागली होती. इंग्रजी करार संपला तो मालकांनी पुढं वाढवला नाही. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या एका मुलीची मालिका मी स्वतः लिहिली आणि काढली. आबांनी तिचं पहिलं पान नऊ वेळा परत पाठवलं. दहाव्यांदा सरळ छपाईला दिलं. दीड वर्ष ती चालली, मग मासिक बंद झालं. मी इंदापूरला शाळेत चित्रकला शिकवू लागले, आबा डाळजला गेले. जाताना त्यांनी खुर्ची नेली नाही, शब्दकोश नेला नाही. पत्रांची पत्र्याची पेटी तेवढी डोक्यावर घेऊन, हमाल न करता, ते स्वतः स्टँडवर गेले.

साताठ महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं. 'लंडनहून पार्सल आलंय. रविवारी या. तुमचा बारीक कुंचला आणि भिंग आणा.'

मी गेले. आबांनी ओसरीवर पांढरं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर जाड, पिवळट पुठ्ठ्याचं एक मोठं पान ठेवलं होतं. हिमालयाच्या मालिकेचं शेवटचं पान, फोटो नव्हे, मूळ चित्र, चित्रकाराच्या हातचं, शाईचं. सोबत तिथल्या कुणा बाईचं पत्र होतं. नाव सापडत नाही, क्षमस्व. गोदाम रिकामं करताना जुनी चित्रं टाकून देत होते. तुम्ही इतकी पत्रं पाठवलीत म्हणून या मालिकेतलं जे एक मिळालं ते ठेवून घेतलं.

"हे बगा," आबा म्हणाले. मूळ पानावर फुगे चित्रात काढलेले नव्हते. वेगळ्या कागदावर इंग्रजी लिहून, कापून, वरून चिकटवलेले होते. इतक्या वर्षांत डिंक वाळला होता. साहेबाच्या त्या अवाढव्य फुग्याची एक कड सुटून वर आली होती.

"मी हात लावला न्हाय," आबा म्हणाले. "चित्राला हात लावायचा न्हाय, ते तर हायच. पन ताई, फुगा म्हंजे चित्र न्हवं. न्हाय का?"

मी पहिल्यांदाच त्यांना कुणाची तरी परवानगी मागताना ऐकलं. "नाही," मी म्हणाले. "फुगा चित्र नव्हे."

ओल्या कुंचल्यानं मी कडेकडेनं डिंक भिजवला. पाऊण तास गेला. फुगा निघाला. खाली कोरा पुठ्ठा असेल असं मला वाटलं होतं. पण चित्रकारानं चौकोन पुरा काढलेला होता. मागं बर्फाचे डोंगर. समोरचा कडा. कड्यावरून खाली लोंबणारा तुटका पूल. आणि त्या पुलाच्या दोराला धरून वर चढणारा, बोटाच्या पेराएवढा एक माणूस. पाठीवर बोजा. गुडघा बाहेर आलेला.

मी भिंग आबांच्या हातात दिलं. बराच वेळ ते वाकून बघत होते. मग ताठ झाले.

"मारला न्हवता त्येनं," ते म्हणाले. "कुण्या संपादकानं झाकला. फुग्याला जागा पायजे म्हणून झाकला." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुमी बरूबर व्हता. दोर हातात व्हता. मी चुकलो."

त्यांच्या बहिणीनं आतून चहा आणला. तो निवून गेला. आबा उठले, आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आले आणि माझ्यापुढं पालथी केली.

"अक्षर तुमचं चांगलं हाय. मजकूर मी सांगतो."

चार रविवार मी डाळजला जात राहिले. दोनशेच्या वर कार्डं झाली. मजकूर सगळ्यांना एकच: 'येसबा वाचला. तो समोरच्या कड्यावर चढला. आम्हाला आज कळलं. उशीर झाला, माफी असावी. संपादक.' उद्गारचिन्ह घालू का, मी विचारलं. आबांनी जरा विचार केला. "घाला," म्हणाले. "सगळ्यांना घाला."

बरीचशी कार्डं परत आली, पत्ते बदलले म्हणून. उत्तरं आली सात-आठच. त्यातलं एक नरसिंहपूरहून होतं, मोठ्या माणसाच्या, फारसं न लिहिणाऱ्या हाताचं. 'मुलगा आता पुण्याला कामाला आहे. तुमचं कार्ड त्याला पाठवून दिलं आहे. पाठवायच्या आधी मी वाचलं. येसबा पडला तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. बरं झालं कळवलंत.'

आबांनी ते कार्ड मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा.